माझ्या नावाचं पान

गणपती पाण्यात गेले, मुंबईकर आपापल्या गाड्यांनी परतले, की आमच्या किनाऱ्यावर कावळ्यांचे दिवस सुरू होतात. एरवी मासळीच्या टोपलीजवळ फिरकले तर आपण दगड उचलतो. या पंधरवड्यात मात्र त्याच कावळ्यांना लोक खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहून हाका मारतात. सकाळी ऊन असं पडतं की चिरे तापून वास येतो. दुपारी डोंगराकडून गडगडतं. हळव्या भाताच्या लोंब्या वाकलेल्या असतात आणि कुंपणाला तेरडा माजलेला असतो. समुद्राचा रंग अजून गढूळच. माझ्या होमस्टेच्या दोन्ही खोल्या रिकाम्या असतात, कारण या दिवसांत फिरायला कोणी निघत नाही. नवीन काही घ्यायचं नाही, नवीन काही काढायचं नाही. सगळं गाव जरा हळू बोलतं.

आज मी काळे वाटाणे भिजत घातलेत. उद्या अविधवा नवमी, नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांच्या म्हाळाचा, म्हणजे श्राद्धाचा, दिवस. आमच्या घरात उद्या एकच पान वाढलं जाईल आणि ते माझं असेल. वडे मीच तळते. खीरही माझीच. कोणी विचारलं तर सांगते, न विचारणाऱ्याला सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी याच पंधरवड्यात आमच्या घरी तामिळ सिनेमा आला. कणकवली स्टेशनवर उतरून, टेम्पोत पेट्या भरून, पंचवीसेक माणसं. मॅनेजरला मी म्हटलं की हे आमचे पितरांचे दिवस. तो हिंदीत म्हणाला, आमच्याकडेही आहेत, पण कॅमेऱ्याला सुतक नसतं. मला पटलं. खोल्या रिकाम्या होत्या, न मावणाऱ्यांची सोय गावात झाली, गॅस भरलेला होता. मी तांदूळ वाढवून भिजवले आणि मासेवाल्या शेवंतीला रोज यायला सांगितलं.

सिनेमाची गोष्ट मला सेल्वीने सांगितली. ही त्यांच्या सामानसुमानाची व्यवस्था बघणारी मुलगी. भिंतीला कुठला रंग, टेबलावर कुठला पेला, सगळं तिच्याकडे. मोडकं हिंदी बोलायची, मी त्याहून मोडकं. जेवायला बसण्याआधी ती रोज गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, भाताचा एक गोळा ठेवायची आणि ‘का, का’ करून हाक मारायची. तिच्या घरी म्हणे बारा महिने असंच करतात, आधी कावळा, मग माणसं. गोष्ट अशी होती की एक मुलगी लहानपणापासून ऐकत आलीय, ‘तू आईचं तोंड घेऊन आलीस.’ आई मेलेली. घरात तिचा हार घातलेला फोटो. मुलीला ते तोंड आवडत नाही. आरशात बघितलं की आई दिसते, फोटोत बघितलं की आपण दिसतो. मग लग्न मोडतं, बापाशी भांडण होतं, चेहरा बदलून घ्यायला निघते. घरगुती गोष्ट. मारामारी नाही.

हे सांगता सांगता सेल्वी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नायिकेला हाक मारली, आम्हा दोघींना दारात उभं केलं आणि टाळी वाजवली. नाक असंच पसरट. हनुवटी अशीच गोल. भुवया मधे जुळलेल्या. आईच्या फोटोसाठी त्यांनी कुठल्या तरी बाईचा फोटो आणला होता, तो तिने तिथेच पेटीत परत टाकला.

आमचे हे गिरणीतून आले ते पिठाने पांढरे. ऐकून उंबऱ्यातच थांबले. “जित्या माणसाक हार? खुळां झालंस काय?”

“हार कागदाक घालतत. माका नाय.”

“माका बरां वाटणा नाय.”

“मगे बघू नको.”

चिऱ्याच्या भिंतीपुढे सेल्वीने मोबाइलवर माझा फोटो काढला. हसू नका म्हणाली. मला तसंही फोटोत हसू येत नाही. कणकवलीहून तो मोठा करून आणला, कडा पिवळ्या केलेला, रंग उडवलेला. फ्रेममधली मी पंधराएक वर्षांपूर्वी गेल्यासारखी दिसत होते. चंदनाच्या सालपटांचा हार, खाली लाल बारका दिवा. माजघराच्या भिंतीवर खिळा ठोकून लावला आणि वस्तू हलवू नका म्हणून मला बजावलं. एक दृश्य आज, पुढचं परवा, सगळं जिथल्या तिथे दिसायला हवं. तेव्हा मी माझ्याच फोटोखाली तांदूळ निवडले, भाजी चिरली, पोळ्यांचा हिशेब केला. माझा चेहरा मी एरवी बघते तो स्कूटरच्या आरशात, तोही मागून एसटी येतेय का हे बघताना. आता येता-जाता तोच समोर. पहिल्या दिवशी मजा वाटली. नंतर लक्षात आलं की मी त्या भिंतीच्या बाजूने जाताना आवाज न करता जाते.

शेवंती बांगडे घेऊन आली आणि फोटो बघून टोपलीसकट मागे सरली. “गो सुलभा! भायर पायताण काढलंय, हात जोडलंय, मगे बघतंय तर तू रांधपात उभी! माजो जीव जातलो होतो.”

“गेल्लो तर तुझोय फोटो लावलो असतो. पानी सोडून वजन कर.”

“हसा नको गो. वाईट दिसता. तू जित्यापणी इतक्या शांत कधी दिसलंस?”

नायिका चांगली मुलगी होती. तिचं काम म्हणजे रोज सकाळी त्या फोटोपुढे उभं राहून आपल्या तोंडाला नावं ठेवायची. हे नाक कशाला दिलंस, ही हनुवटी कशाला दिलीस. एका देखण्या मुलीचं आयुष्य माझ्या नाकामुळे फुकट गेलं, हे ती माझ्याच माजघरात ओरडून सांगायची आणि ओरडणं झालं की मी तिला चहा द्यायची. एका दृश्यात तिने फोटो भिंतीकडे तोंड करून उलटा टांगला. झाल्यावर सरळ केला, हात जोडले आणि म्हणाली, “सॉरी, अम्मा.” फोटोला म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभी होते.

सिनेमात आईच्या आठवणीही होत्या. त्यासाठी त्यांनी माझं एक जुनं हिरवं लुगडं मागून घेतलं आणि आईचं काम तीच मुलगी करणार होती. ती माझ्यामागे फिरून बघू लागली. मी पदर कसा खोचते, कळशी कुठल्या कमरेवर घेते, चालताना उजवा पाय कसा टाकते. मला माहीत नव्हतं की मी उजवा पाय काही वेगळा टाकते. दोन दिवसांत ती तो तसा टाकू लागली. तिन्हीसांजेला विहिरीवर हिरव्या लुगड्यातली मी पाणी ओढताना दिसले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. आपण चालतो कसे ते आपल्याला कधी दिसत नाही. दिसलं तर आवडतंच असं नाही. मला ती बाई दमलेली वाटली.

सासूला आम्ही सगळेच आये म्हणतो. आयेला त्या वर्षी दिवस-वार राहत नव्हते. सकाळ की संध्याकाळ विचारायची, आपल्या गेलेल्या दिराच्या बोटीची वाट बघायची. माणसं मात्र ओळखायची, निदान घरातली. जेवायची ती फक्त माझ्या हातचं. पेज असो की भात, मी कालवून समोर बसले तरच तोंड उघडायची. चित्रीकरण चालू असताना तिला मागच्या खोलीत ठेवायचं असं ठरलं होतं. त्या दुपारी हे गिरणीत आणि मी चहाचा ट्रे घेऊन माजघरात, कॅमेऱ्याच्या मागे. आये रांधपाच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, दारातून आत आली आणि थेट फोटोपुढे थांबली.

हार बघितला. दिवा बघितला. मग खाली बसली आणि जमिनीवर हात आपटून रडू लागली.

“अगो माझ्या सुलभा! कधी गेलंस गो? माका सांगूक पण नाय कोणी? आता माका न्हाऊक कोण घालतलो गो? तोंडान फटकळ, पण हात कधी थांबले नाय गो तुजे…”

दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला नाही. मी पुढे जायला लागले तर कोणीतरी माझं मनगट धरलं. ट्रेमधले पेले वाजू नयेत म्हणून असेल. पंचवीस माणसं श्वास रोखून उभी होती आणि त्यातल्या एकालाही शब्द कळत नव्हते. कळत होते फक्त मला. या घरात इतकी वर्षं काढली, हातांबद्दलचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्यासाठी भिंतीवर जावं लागलं.

कॅमेरा थांबल्यावर मी तिच्याजवळ बसले. “आये, मी हय आसंय. तो नुसतो फोटो. सिनेमाचो.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, मग परत माझ्याकडे. तिची नजर मी अजून विसरलेले नाही. ओळख पूर्ण होती. सुलभाच आहे, हे तिला पक्कं कळलं होतं. तिने पदर आवरून घेतला आणि भिंतीला पाठ लावून सरकत मागे गेली.

“माका शिवू नको. परत कित्याक इलंस?”

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पेज घेऊन गेले की डोळे मिटायची. “मेल्ल्याच्या हातचां खाल्ल्यार मागसून जावचां लागता,” एवढंच म्हणायची. यांनी भरवून बघितलं, तर घास थुंकून टाकला. त्यांच्या हातून पाणी तेवढं घ्यायची. फोटो उतरवू का विचारलं तर म्हणाली, “फोटो उतरून ती जातली काय?” शेजारच्या गावातले डॉक्टर आले, नाडी बघून म्हणाले की पोटात काही गेलं पाहिजे, नाहीतर कणकवलीला हलवा, नळी घालावी लागेल. त्या वयात नळी घालून नेलेलं माणूस कसं परत येतं हे मी आमच्या वाडीत बघितलंय. मी रोज तीन वेळा पेज करत होते आणि तीन वेळा कावळ्यांना घालत होते.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. सेल्वीने मोबाइलवर पाठवला, मी ओटीवर बसून एकटीने बघितला. आयेचं ते रडणं त्यात आहे. लोकांना म्हणे तेच सगळ्यात आवडलं. आवाज दुसऱ्या कुठल्या तरी म्हातारीचा घातलाय, तामिळमधला. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या मी लावून लावून वाचल्या. तिथे आये म्हणते, मला माफ कर मुली. आये असलं काही म्हणाली नव्हती. ती न्हाऊ घालण्याबद्दल बोलत होती. आणखी एक आहे. ती रडत असताना फोटोच्या काचेत, माझ्या तोंडाच्या जरा खाली, ट्रे घेऊन उभी असलेली एक बाई दिसते. पुसट आहे. सिनेमा जोडणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी. मी ते थांबवून बघितलं, पुन्हा मागे नेऊन बघितलं, आणि मोबाइल पालथा ठेवला. तो फोटो सध्या चेन्नईच्या कुठल्याशा गोदामात आहे. नंतर एका मालिकेतही लागला, सेल्वीनेच कळवलं. दुसरं घर, दुसरी मुलं, दुसरा हार. या घटकेला मी कोणाची आई म्हणून मेलेय, मला माहीत नाही.

तर आये उपाशी होती आणि एकच गोष्ट बोलत होती. “भुकेली आसा ती. पान ठेवूक नाय कोणी तिचां. विहिरीर दिसता माका.”

विहिरीवर दिसतेय याचं कारण मला ठाऊक होतं. हिरवं लुगडं, उजवा पाय. यांनाही तेच सांगितलं. पण अष्टमीच्या सकाळी नायिका कणकवलीहून गाडीत बसून गेली. तिचं काम संपलं होतं. लुगडं तिने धुऊन, घडी करून, माझ्या कपाटात ठेवलं होतं. त्या तिन्हीसांजेला आये खिडकीशी बसून म्हणाली, “बघ, इली.” मी बघितलं नाही. मी मागच्या दाराने सरळ विहिरीवर गेले. कोणी नव्हतं. राजू, म्हणजे पाणी ओढायचा दोर, ओला होता आणि कठड्यावर पाणी सांडलेलं होतं. युनिटचं कोणी पाणी ओढून गेलं असेल. घरात येऊन मी कपाट उघडलं, लुगडं होतं. कोरडं होतं. मी कपाट बंद केलं आणि वाटाणे भिजत घातले.

सकाळी यांना म्हटलं, “वड्याचां पीठ दळून हाडा. आज नवमी. माझां पान ठेवूचां आसा.”

“माझ्या हातान? तुझां? माका जमूचां नाय.”

“आये जेवली नाय तर तिचां ठेवूचां लागात. कोणचां ठेवतास तां सांगा.”

ते पीठ दळून घेऊन आले. मी वडे तळले, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. जगात किती जणींनी आपल्या म्हाळाचा स्वयंपाक केला असेल? मीठ चाखायचं नसतं, म्हणून चाखलं नाही. केळीच्या पानावर सगळं वाढलं. सवाशिणीचं पान म्हणून हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू ठेवलं. यांनी ते खळ्यात नेऊन गडग्यावर ठेवलं आणि हात जोडून मागे झाले. आये दारात पाटावर बसली होती, चौकटीला टेकून. सेल्वीची माणसं टेम्पोत पेट्या भरत होती, ती आपोआप थांबली.

कावळे आंब्यावर होते. भरपूर होते. एकही उतरला नाही.

अशा वेळी गेलेल्याची काही इच्छा राहिलीय असं धरतात आणि घरातली माणसं मोठ्याने वचन देतात. हे खाकरले. “सुलभा, रांधपातलो दिवो बदलतंय आजच्या आज.” कावळे बसून. “गिरणीचे कपडे भायरच झाडीन. घरात पीठ हाडणार नाय.” शेवंती कुंपणापलीकडून म्हणाली, “चांगलां काय तरी सांगा तिका, हेच्यासाठी परत येतली काय?” कावळे बसून. सेल्वीने आपली ‘का, का’ हाक मारून बघितली. रोज तिच्या हाकेला उतरणारे ते, त्यांनी मान वाकडी करून पानाकडे बघितलं फक्त.

“तिका काय होया होतां तां इचारा मरे!” आये ओरडली. आवाज कसला, नुसती हवा.

हे माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर, हात जोडलेलेच. “काय होया गो तुका?”

मी पानाकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मी माझ्याशीही कधी काढला नव्हता. काय सांगणार? दुपारची झोप. नवा पंप. कोणी तरी आयता वाढलेला गरम भात. कावळ्याला सांगण्यासारखं यात काय होतं? ऊन डोक्यावर आलं होतं, खिरीवर माशी बसत होती. मला एवढंच दिसत होतं की आयेची मान चौकटीवरून घसरतेय.

मग ती उठली. कोणी धरायच्या आत, चौकटीला धरून, स्वतःच. गडग्यावरच्या पानाकडे बघून बोलली, अगदी साध्या आवाजात, मुंबईला निघालेल्या माणसाला सांगतात तशी.

“सुलभा, जा गो बाये. खूप केलंस. माझां मी बघतंय. तुका सुटी.”

कावळा उतरला. एकच. खीर नाही, भाजी नाही, वडा उचलला आणि विहिरीच्या बाजूने गेला. मग बाकीचे आले. कावळे भुकेले होते, असं मी आजही सांगते. भुकेले होते तर इतका वेळ कशासाठी थांबले, ते मला सांगता येत नाही. अंगावरून ओलं कापड कोणी तरी काढून घ्यावं तसं मला झालं. उन्हात उभी राहून मी थंडीने कापत होते आणि कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण सगळे आयेकडे बघत होते.

सेल्वीने आत जाऊन फोटो उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नजरेनेच विचारलं, नेऊ का? मी मान डोलावली.

मग मी पान वाढलं आणि आयेसमोर बसले. भात कालवला, घास पुढे केला. तिने डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघतात तसं, नीट, भीती न बाळगता.

“तू कोणाची गो?”

लोकांचं चुकलं तर मी जागच्या जागी सुधारते. माझी ती सवय सगळ्यांना माहीत आहे. हे दारातून बघत होते. मी म्हटलं, “हय कामाक ऱ्हवलंय.”

“बरां केलंस,” आये म्हणाली आणि तोंड उघडलं.

पेज नाही, अख्खं जेवण जेवली. सांबाऱ्यात वडा बुडवून मऊ करून दिला तोही खाल्ला. शेवटी एकेक बोट चाटलं, चव आठवत असावी. मग माझ्याकडे झुकून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, “रांधतंस बरां. पण आदल्या सुनेच्या हाताची सर नाय हां.”

“नाय ना,” मी म्हटलं. “शिकतंय गो आये, हळूहळू.” आणि तिच्या पानात आणखी एक वडा वाढला.